वाटीभर चक्का

श्रीखंड आमच्याकडे वर्षातून दोनदा. पाडव्याला आणि दसऱ्याला. आदल्या रात्री आई म्हशीच्या दुधाचं दही जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून खुंटीला टांगायची. रात्रभर टिपटिप पाणी गळायचं. सकाळी उरायचा तो चक्का. मग त्यात शेराला शेर साखर.

हा पदार्थ जुना. चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात दह्याच्या शिखरिणीचा उल्लेख आहे. पण ते राजाचं ताट. आमच्यासारख्यांच्या घरी रोजचा गूळ असे, पांढरी साखर सणापुरती. १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं प्रवरेचा सहकारी कारखाना चालू केला आणि मग एकामागून एक कारखाने उभे राहिले. सभासदाला सवलतीची साखर मिळू लागली. आमच्या घरात पोतं आलं आणि श्रीखंडाला सणाची गरज उरली नाही. पाहुणा आला की श्रीखंड.

पन्नाशीत वडिलांना साखर निघाली. ऊस त्यांचाच, कारखाना त्यांचाच आणि बंदीही त्याच साखरेची! गावातले जाणते म्हणाले, दहीच सोडा. चरकसंहितेत प्रमेहाच्या कारणांत दही आहे, हे खरं. पण त्याच यादीत गुळाचे पदार्थ आहेत, नवं धान्य आहे, बसून-झोपून सुख भोगणंही आहे. लोकांना नेमकं दहीच आठवतं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. दुधातली थोडी साखर विरजणातले जंतू खातात, उरलेल्यातली बरीच फडक्यातून पाण्याबरोबर जाते. चक्क्यात राहतात मुख्यतः प्रथिनं आणि स्निग्धांश. त्यानं रक्तातली साखर एकदम उसळत नाही. उसळते ती वरून ओतलेल्या साखरेनं. बाजारच्या श्रीखंडात पाणी सोडून जो भाग उरतो, त्यात ७२.५ टक्क्यांपर्यंत साखर नियमात बसते.

त्या पाडव्याला आईनं वडिलांसाठी वाटीभर चक्का वेगळा काढला. वेलदोडा, जायफळ, केशराच्या दोन काड्या, चिमूटभर मीठ, चमचाभर आंब्याचा रस. पुरीऐवजी ज्वारीची भाकरी. वडिलांनी वाटी सरकवली. "हे काय, आजाऱ्याचं जेवण!"

"अहो, चव तर बघा."

खाल्लं, पण रुसूनच. दोन तासांनी बोटाला सुई टोचली, आकडा १८० च्या आत. तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःच विचारलं, माझी वाटी काढली का? एवढ्यानं आजार गेला नाही. गोळ्या चालूच आहेत, संध्याकाळची बांधावरची फेरीही.

आता आमच्या एसटी स्टँडवर आंब्याचं, स्ट्रॉबेरीचं दही कपात मिळतं. वडील चष्मा लावून कपावरची बारीक अक्षरं वाचतात. शंभर ग्रॅममागं चार-पाच ग्रॅम साखर दुधाची स्वतःचीच, हे त्यांना पाठ आहे. तेरा-चौदा दिसले की कप परत काउंटरवर.

"काका, नको का?" दुकानदार विचारतो.

"ताक दे."