बिनसाठ्याचं एक्स्चेंज

बँकेच्या काउंटरवर मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने आवळलेला एक काळा डबा असतो. त्यात पंखा नाही, हार्ड डिस्क नाही, आवाजही नाही. हा थिन क्लायंट. दूरच्या सर्व्हरने जे पाठवलं ते पडद्यावर दाखवायचं आणि कीबोर्डवर जे दाबलं ते सर्व्हरला कळवायचं, एवढीच त्याची नोकरी. काही वर्षांनी नवे डबे येतात, जुने भंगारात निघतात आणि जुन्या मालाच्या बाजारात किरकोळ भावात मिळतात. असा एखादा डबा धाराशिवात आणून त्यावर ॲस्टरिस्क नावाचं मोफत सॉफ्टवेअर चढवलं, की दोन-तीन डझन फोनांचं इंटरकॉम एक्स्चेंज उभं राहतं. जुन्या पिढीच्या डब्यात साठवायला जागा म्हणाल तर ५१२ एमबी, फार तर १ जीबी. हळदीच्या कार्यक्रमाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओही त्यात मावायचा नाही. मग अख्खं एक्स्चेंज मावतं कसं? त्यासाठी या डब्याचं कूळ पाहावं लागतं. त्यात दोन घराणी आहेत, आणि त्यांची सोयरीक फार उशिरा झाली.

पहिलं घराणं एक्स्चेंजचं. सुरुवातीला हे काम माणूस करायचा, आणि बहुतेक ठिकाणी ती बाई असायची. समोर भोकांचा फळा, हातात दोरी. कोण हवंय ते विचारायचं, दोन भोकं दोरीने जोडायची, बोलणं संपलं की दोरी काढायची. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अंत्यविधीची कामं घेणाऱ्या ॲल्मन स्ट्राउजरला संशय होता, की ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं दुसऱ्या धंदेवाल्याकडे वळवते. निदान गोष्ट तशी सांगतात. संशय खरा असो वा खोटा, १० मार्च १८९१ ला त्याला आपोआप जोडणी करणाऱ्या स्विचचं पेटंट मिळालं आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी त्या पद्धतीचं पहिलं सार्वजनिक एक्स्चेंज चालू झालं. नंबर लावला की स्विचचा हात पायरी-पायरीने वर चढे, मग गोल फिरे आणि नेमक्या संपर्कावर जाऊन थांबे. फोन खाली ठेवला की हात मूळ जागी. मागे काही उरत नसे. म्हणजे एक्स्चेंज जन्मापासून जोडणारं यंत्र आहे. साठवणं त्याच्या रक्तात नव्हतं.

आपल्याकडे हे घराणं खेड्यापर्यंत पोचायला वेळ लागला. पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांना ट्रंक कॉल आठवत असेल: नंबर बुक करायचा, वाट पाहायची, घाई असेल तर अर्जंट, जिवावर बेतलं असेल तर लाइटनिंग, आणि प्रत्येकाचा दर चढता. अडचण फक्त तारांची नव्हती. बाहेरून येणारी मोठी एक्स्चेंज थंडगार खोली आणि अखंड वीज मागत. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा तिच्यामागे होते, आणि ३६ कोटी रुपयांत, ३६ महिन्यांत देशी एक्स्चेंज बनवण्याचा वायदा तेव्हा फार गाजला. तिथल्या तरुण इंजिनिअरांनी केलेलं १२८ पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज, म्हणजे ‘रॅक्स’, १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसलं. त्याला एसी लागत नव्हता. धूळ, उकाडा, वर-खाली होणारं व्होल्टेज हे सगळं गृहीत धरूनच ते बेतलेलं होतं. मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या धाराशिवसारख्या जिल्ह्यांसाठी यंत्र कसं असावं, याचा धडा तिथे घालून दिला गेला. पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ गावोगावी दिसले ते त्यानंतर.

या घराण्याचा पुढचा वंशज १९९९ मधला. मार्क स्पेन्सर हा अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाचा विद्यार्थी. लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली वापरणाऱ्यांना मदत विकायची म्हणून त्याने छोटी कंपनी काढली. फोन उचलायला एक्स्चेंज हवं होतं आणि विकतचं परवडत नव्हतं, म्हणून त्याने ते स्वतःच सॉफ्टवेअरमध्ये लिहायला घेतलं. तेच ॲस्टरिस्क. त्याच सुमारास जिम डिक्सन नावाचा टेलिफोनवाला वेगळ्या वाटेने तिथेच येत होता. आवाजावर प्रक्रिया करायला महागड्या खास चिप कशाला, साध्या पीसीचा प्रोसेसर आता ते काम उरकू शकतो, हा त्याचा मुद्दा. मेक्सिकन क्रांतिकारक झपाटाच्या नावाने त्याने प्रकल्प काढला आणि फोनची तार संगणकात घेणाऱ्या कार्डाचा आराखडा सगळ्यांना खुला केला. दोघांचं जमलं आणि तारेवरचा फोन साध्या संगणकाला जोडता येऊ लागला. २००४ मध्ये ॲस्टरिस्कची १.० आवृत्ती आली. दरम्यान नेटवरून फोन लावण्याची ‘सिप’ ही बोलीही १९९९ मध्ये ठरून २००२ मध्ये पक्की झाली होती. आता कार्डाचीही गरज उरली नाही, नेटवर्कची एक वायर पुरे.

दुसरं घराणं थिन क्लायंटचं. मोठ्या संगणकाला जोडलेल्या मुक्या टर्मिनलांचा हा वंश. १९९५-९६ मध्ये त्याला नवा जोर आला. वाइज कंपनीने विंडोज सर्व्हरला जोडायचे डबे काढले, तर ओरॅकलचे लॅरी एलिसन यांनी हार्ड डिस्क नसलेल्या नेटवर्क कॉम्प्युटरचा डंका पिटला. घराघरात तो काही गेला नाही, कारण पीसीच स्वस्त झाले. पण बँका, विमा कार्यालयं, कॉल सेंटर यांना मात्र तो मानवला. चोरण्यासारखं काही नाही, बिघडण्यासारखं थोडं, आणि वीज दहा-वीस वॅट. आत छोटी फ्लॅश मेमरी. तिच्यावर पुन्हापुन्हा लिहिलं की ती झिजते, म्हणून मूळ यंत्रणा लिहिणं टाळण्याच्याच बेताची.

ही दोन घराणी एकमेकांना शोभून दिसतील हे काहींच्या लक्षात आलं. क्रिस्टियन कीलहोफनरने लिनक्स आणि ॲस्टरिस्क एकत्र बांधून ॲस्टलिनक्स बनवलं ते छोट्या, फ्लॅश कार्डावर चालणाऱ्या बोर्डांसाठी. मूळ प्रणाली फक्त वाचायची, चालताना सगळं रॅममध्ये, आणि तुमच्या सेटिंग्जपुरता एक वेगळा कोपरा. वीज गेली तरी प्रणालीची फाइल अर्धवट लिहून बिघडण्याचा धोका राहत नाही. वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या गावात याची किंमत वेगळी सांगायला नको. डबा इन्व्हर्टरवर टाकायचा, फोनही, आणि मधला नेटवर्क स्विचही. तो विसरला तर बाकी सगळं व्यर्थ.

जागा नेमकी खातं कोण? एक्स्चेंजची बुद्धी नव्हे. ती साध्या मजकुराच्या फाइलीत बसते: १०१ आला तर रिसेप्शनची घंटी २० सेकंद वाजव, कुणी उचलला नाही तर १०२ कडे वळव, तिथेही नाही तर लाइन बंद कर. पन्नास फोनांचे असे नियम काही केबींत आटोपतात. जागा खातो आवाज. टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजणीला ८ बिट, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. एक मिनिट साठवलं तर ४ लाख ८० हजार बाइट. डब्यात २०० एमबी मोकळी असेल तर जेमतेम सात तासांचं बोलणं मावेल. तेच जीएसएम पद्धतीने दाबलं तर मिनिटाला सुमारे ९९ हजार बाइट आणि तेहतीस तासांच्या वर. म्हणून जाणकार आधी होल्डवरचं संगीत उडवतो, सूचनांचे आवाज एकाच दाबलेल्या स्वरूपात ठेवतो आणि लॉग रॅमकडे वळवतो. नाहीतर महिनाभराने एक्स्चेंज अचानक गप्प होतं आणि कारण निघतं लॉगने भरलेली डिस्क. प्रोसेसरचंही तसंच. दोन्ही फोन एकाच पद्धतीने आवाज बांधत असतील तर डबा त्यांची गाठ घालून बाजूला होतो आणि आवाज थेट या फोनवरून त्या फोनवर जातो. भाषांतर करायची वेळ आली की मात्र त्याला धाप लागते.

कायद्याची एक वेसण लक्षात ठेवावी. भारतात इंटरनेटवरून बोलण्याची सेवा द्यायला १ एप्रिल २००२ पासून मुभा मिळाली, पण नेटवरून आलेला आवाज देशातल्या साध्या फोनच्या जाळ्यात सोडायला मनाई राहिली. २०१८ मध्ये दूरसंचार खात्याने इंटरनेट टेलिफोनीची वाट मोकळी केली ती परवानाधारक कंपन्यांसाठी. कुणीही उठून परदेशी कॉल सिमकार्डांवर उतरवू लागला तर तो गुन्हाच. २०१७ मध्ये शेजारच्या लातुरात एटीएसने अनधिकृत एक्स्चेंज पकडली होती, ती याच चोरवाटेची. आवाराच्या आतला इंटरकॉम मात्र यात येत नाही.

आणि या डब्याची खरी जागा आवाराच्या आतच आहे: तुळजापुरातलं भक्तनिवास, उमरग्याकडची आश्रमशाळा, साखर कारखान्याचा वजनकाटा ते गोडाऊन, ग्रामीण रुग्णालयातला वॉर्ड ते औषधभांडार. बाहेरची फायबर रस्त्याच्या खोदाईत तुटली तरी आतले फोन वाजत राहतात, कारण त्यांना इंटरनेट लागतच नाही. शेकडो फोन, प्रत्येक कॉलचं रेकॉर्डिंग, वर्षभराचे अहवाल हवे असतील तर हा डबा घेऊ नये. मोठ्या डिस्कचं यंत्र घ्यावं.

पण ते घेण्याआधी आपल्याला नेमकं काय हवंय ते विचारावं. फळ्यावरच्या ऑपरेटरला बोलणं ऐकू यायचं, तरी दोरी काढली की दुसरा कॉल यायचा आणि पहिला विसरला जायचा. स्ट्राउजरच्या स्विचला तर ऐकूही येत नव्हतं. सगळ्यांचं सगळं बोलणं जपून ठेवायची सोय डिस्क स्वस्त झाल्यावर आली, आणि सोय आहे म्हणून लोक रेकॉर्डिंग चालू ठेवतात. पेशंटचा नर्सला आलेला फोन किंवा आश्रमशाळेतल्या मुलीने अधीक्षकबाईंना केलेली तक्रार कुणाच्या तरी डिस्कवर वर्षानुवर्षं पडून राहावी का, हे ठरवायला तिथे कुणी बसत नाही. पाचशे एमबीच्या डब्यावर तो निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो. एरवी आपण तो टाळतोच.