हिवाळ्यातले सौदे

बॉस्टनमध्ये हिवाळ्यात बेसबॉल नसतो, त्यावरचे वाद मात्र जोरात असतात. आमच्या ऑफिसात डिसेंबरभर कोण कुठल्या संघात चालला, कितीला गेला, एवढंच. वाद पेटला की कुणीतरी बेब रूथ काढतोच. रूथ ज्यात खेळायचा त्या बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाचा मालक हॅरी फ्रेझी मूळचा नाटकवाला. डिसेंबर १९१९मध्ये त्याने रूथला एक लाख डॉलरला यांकीजना विकलं, वर संघाच्या फेनवे पार्क मैदानाच्या तारणावर तीन लाखांच्या कर्जाचंही जमवलं. पुढच्याच मोसमात रूथचे ५४ होमरन! बॉस्टनला मात्र विजेतेपदासाठी २००४ उजाडावं लागलं.

या सगळ्यात रूथला कुणी विचारलं होतं का, हे सहसा निघत नाही. म्हणून मला कर्ट फ्लड मोठा वाटतो. सेंट लुईस कार्डिनल्सचा हा सेंटरफिल्डर तिथे बारा मोसम खेळला, आणि ऑक्टोबर १९६९मध्ये आपल्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलंय हे त्याला फोनवर कळलं. करारातलं कलमच असं, की खेळाडू मालकाच्या दावणीला बांधलेला. फ्लडने कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहून ठणकावलं, की मी खरेदी-विक्रीची वस्तू नाही. १९७०चा मोसम तो खेळलाच नाही. त्या कलमाविरुद्ध त्याने खटला भरला, पण १९७२मध्ये सुप्रीम कोर्टात ५-३ने हरला.

डिसेंबर १९७५मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या पिचरांना त्याच कलमातून मोकळं केलं. मालकांनी साइट्झनाच लगोलग काढलं, पण निकाल टिकला.