पियानो : लहान मुलांचे स्टाफ नोटेशन-वाचन

नवशिक्या मुलाला पियानोवर पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला शिकवण्याचा पहिला टप्पा. पुण्यात कात्रज-धनकवडीच्या फ्लॅटमध्ये ‘पियानो’ म्हणजे बहुधा 61 पट्ट्यांचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. त्यावर मिडल सी हा डावीकडून तिसरा सी असतो, तर 88 पट्ट्यांच्या पियानोवर चौथा. त्यामुळे पट्ट्या मोजून सी शोधणारे मूल परीक्षेच्या पियानोवर एक सप्तक खाली वाजवू लागते. यासाठी काळ्या पट्ट्यांची दोनाची व तिनाची जुडगी आधी ओळखायला शिकवतात.

मराठी घरात ही खूण निम्मी पाठ असते. पेटीवरची ‘काळी एक’ आणि ‘काळी दोन’ हे दोनाचे जुडगे. ‘काळी तीन’ ते ‘काळी पाच’ हे तिनाचे. ‘पांढरी एक’ म्हणजेच सी. आजोबा काळी एकमध्ये गातात हे ऐकत वाढलेल्या मुलाला सी शार्प वेगळा दाखवावा लागत नाही. मात्र गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे सा सरकतो, कागदावरचा सी सरकत नाही. ‘सी म्हणजे सा’ ही सोय जी मेजरमधल्या पहिल्याच धड्यात कोलमडते, कारण तिथे सा ‘जी’वर जाऊन बसतो.

खरी अडचण लिपीची. भातखंडे लिपीत अक्षर स्वराचे नाव सांगते. वरचे किंवा खालचे टिंब सप्तक सांगते. पाच रेघांवर नाव कुठेच नसते, असते ती फक्त उंची. म्हणून मुले रेघांवरच्या स्वरचिन्हांखाली पेन्सिलीने सा-रे-ग लिहितात आणि मग पेन्सिलच वाचतात. खोडरबर हे या वर्गातले दुर्लक्षित साधन आहे.

जॉन थॉम्पसन यांच्या 1936 च्या प्राथमिक पुस्तकाने दोन्ही अंगठे मिडल सीवर ठेवण्याची रीत रूढ केली. ती झटपट फळते, पण मुलाच्या डोक्यात बोटाचा क्रमांकच स्वर होऊन बसतो. हात सरकला की वाचन संपले. फ्रान्सिस क्लार्क यांनी 1955 मध्ये वेगळी वाट धरली : मिडल सी, त्यावरचा जी आणि त्याखालचा एफ एवढीच ठाणी पक्की करायची आणि बाकीचे स्वर अंतरावरून काढायचे. रेघेवरून लगतच्या फटीत गेले तर शेजारची पट्टी. रेघेवरून पुढच्या रेघेवर गेले तर मधली एक पांढरी सोडायची. प्रस्तुत नोंदकाराला हीच रीत अधिक टिकाऊ वाटते.

लयीची बाजू सोपी. एक मात्रा आणि दुगुन टाळीवर येणाऱ्याला क्रॉचेट-क्वेव्हर वेगळे शिकवावे लागत नाहीत.

या शिक्षणाची सर्वांत जुनी जवळची परंपरा गोव्यातली. पोर्तुगीज काळात चर्चच्या पॅरिश शाळांत मुले वाद्याला हात लावण्याआधी कागद पाहून सोल्फेज (दो-रे-मी) गात. त्याच परंपरेतले गोमंतकीय वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात संगीतकाराने गुणगुणलेली चाल वादकांसाठी कागदावर उतरवत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) हे व्हायोलिनवादक त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. गोव्याच्या दो-रे-मीमध्ये सातवा स्वर ‘सी’ असतो, म्हणजे इंग्रजी बी. गोव्याच्या आजीकडून दो-रे-मी शिकून आलेले मूल पुण्यातल्या वर्गात ‘सी वाजव’ म्हटल्यावर शेजारची पट्टी दाबते, आणि त्याच्या हिशेबाने ते बरोबर असते.