होस्टिंग निवडताना निघण्याचा मार्ग पाहावा

होस्टिंग कंपनी निवडताना पहिला प्रश्न विचारला जातो तो सर्व्हर बंद पडण्याचा. कंपन्याही त्याचेच उत्तर जाहिरातीत सर्वांत ठळक छापतात: साइट ९९.९ टक्के वेळ सुरू राहील. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे हे वचन तंतोतंत पाळूनही साइट वर्षात पावणेनऊ तास बंद राहू शकते. वचन मोडलेच, तर बहुतेक करारांत भरपाई म्हणून पुढच्या बिलात थोडी सूट मिळते. पण या व्यवसायाचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहिला तर लोकांचे कायमचे नुकसान अशा चार-दोन तासांनी फारसे झालेले नाही. कंपनीने गाशा गुंडाळला, भागीदार भांडले, इमारत जळाली, दिवाळे निघाले, तेव्हा ते झाले. अशा वेळी तगले ते, ज्यांना आपले सामान उचलून दुसरीकडे बिऱ्हाड थाटता आले. म्हणून होस्टिंगचा भरवसा कंपनीच्या भक्कमपणावर जोखण्याआधी तिथून किती सहज निघता येते यावर जोखावा, असे माझे मत आहे.

ही निवड अवघड का झाली, याचे कारण या धंद्याच्या घडणीतच आहे. वेबच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक साइटला साधारणपणे स्वतंत्र आयपी पत्ता लागे, आणि तिचा खर्चही त्याच मापाचा असे. १९९७ च्या आरंभी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या देवाणघेवाणीचे एचटीटीपी १.१ हे मानक प्रसिद्ध झाले. त्यानुसार ब्राउझर आपल्याला कोणत्या नावाची साइट हवी आहे ते सर्व्हरला सांगू लागला आणि एकाच पत्त्यावर, एकाच यंत्रात शेकडो साइट नांदू लागल्या. अपाचे हा सर्व्हर फुकट होता, आणि सीपॅनलसारख्या साधनामुळे तांत्रिक ज्ञान नसलेल्यालाही आपली साइट सांभाळता येऊ लागली. साहजिकच होस्टिंग विकायला स्वतःचे यंत्रगृह असण्याची गरज उरली नाही. एक यंत्र भाड्याने घ्यायचे आणि त्याचे तुकडे विकायचे. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि १९९८ मध्ये मुंबईत डायरेक्टी उभी राहिली, जिचा मोठा व्यवसाय अशा फेरविक्रेत्यांना माल पुरवण्याचाच होता. स्वस्ताई आली ती या साखळीमुळे, पण आपली साइट नेमकी कोणाच्या यंत्रावर आहे हे ग्राहकाला कळेनासे झाले तेही तिच्यामुळेच.

जिओसिटीजची कहाणी या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. १९९४ मध्ये डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी सुरू केलेल्या या सेवेने फुकट जागा दिली आणि तिची वस्त्यांत विभागणी केली: साहित्य-तत्त्वज्ञानासाठी अथेन्स, संगणकासाठी सिलिकॉन व्हॅली. लाखो लोकांनी आयुष्यातले पहिले पान तिथे लिहिले. १९९९ मध्ये याहूने ती साडेतीन अब्ज डॉलरांहून अधिक किमतीला घ्यायचे ठरवले. त्याच वर्षी रहिवाशांच्या मजकुरावर व्यापक हक्क सांगणारी कलमे आली आणि लोकांनी बहिष्कार पुकारताच ती मागे घेतली गेली. पुढे २६ ऑक्टोबर २००९ रोजी सेवाच बंद झाली. जेसन स्कॉट यांच्या आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी आणि इंटरनेट आर्काइव्हने धावपळ करून जमेल तेवढी पाने वाचवली. मजकूर पुष्कळ वाचला, पण पत्ते गेले, कारण ते कधीच लिहिणाऱ्यांचे नव्हते. सगळे पत्ते जिओसिटीजच्या नावाखाली होते. मराठी वाचकाला यात आणखी एक पदर दिसेल. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्या बऱ्याच साइट खास फाँटांवर चालत. अशा पानाची प्रत हाती असूनही तो फाँट नसेल तर समोर निरर्थक अक्षरांची रांग येते. प्रत ठेवणे आणि ती दुसरीकडे वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते दुसऱ्या गोष्टीकडे आपण फारच कमी लक्ष दिले.

स्वतःचे डोमेन, म्हणजे साइटचे स्वतःचे नाव, घेतले की प्रश्न सुटतो, हा समज २००७ मध्ये अमेरिकेतल्या रजिस्टरफ्लाय या रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीने, खोटा ठरवला. मालकांतला वाद, ढासळलेला कारभार, ग्राहकांनी नूतनीकरणाचे पैसे भरूनही हातची गेलेली नावे, असा तो प्रकार होता. डोमेनव्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या आयकॅनने कंपनीची मान्यता काढून घेतली आणि साडेआठ लाखांच्या आसपास नावे गोडॅडी या दुसऱ्या रजिस्ट्रारकडे सोपवली. नोंदणीदारांच्या माहितीची प्रत त्रयस्थाकडे ठेवावी, ही अट रजिस्ट्रारांच्या करारात आधीपासून होती, पण तिची नीट अंमलबजावणी झाली ती या गोंधळानंतर.

इथे कोणी म्हणेल, की ही उदाहरणे फुकटच्या सेवेची आणि बेबंद कंपनीची आहेत. मोठी, नावाजलेली कंपनी घेतली तर काळजी कशाला? त्याला उत्तर फ्रान्समधले. ओव्हीएच ही युरोपातल्या सर्वांत मोठ्या होस्टिंग कंपन्यांपैकी एक. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर तिच्या स्ट्रासबर्ग येथील केंद्राला आग लागली. एसबीजी-२ ही पाच मजली इमारत जळून गेली आणि शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. पुढच्या तपासात स्वयंचलित आगविझव यंत्रणा नव्हती हे समोर आले. लाखो साइट बंद पडल्या, त्यांत पाँपिदू केंद्राची आणि फ्रेंच सरकारच्या खुल्या माहितीची साइटही होती. संस्थापक ऑक्टाव्ह क्लाबा यांनी ग्राहकांना आपापली आपत्कालीन योजना अमलात आणायला सांगितले. ज्यांची प्रत दुसऱ्या शहरात होती ते परतले. ज्यांची प्रत त्याच आवारात होती त्यांतल्या काहींची मूळ माहिती आणि प्रत एकाच रात्री नष्ट झाली. नाव मोठे असल्याने आगीत काही फरक पडला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरने किंवा खेड्यातल्या वाचनालयाने हे सगळे कधी पाहायचे? सेवा विकणाऱ्याची जबाबदारी ग्राहकाच्या गळ्यात मारणे हा अन्याय नव्हे का? काही अंशी आहेच, आणि म्हणून सार्वजनिक नियम हवेत. रजिस्टरफ्लायनंतरच्या सुधारणा अशाच दडपणातून आल्या. ज्यांत ओढून-सोडून साइट तयार होते अशा सेवांची सोयही मी नाकारत नाही. चार महिन्यांच्या कार्यक्रमाला त्या उत्तमच. मात्र अनेक दशकांचे दिवाळी अंक जपणाऱ्या संस्थेने, जिथून मजकूर आणि मांडणी बाहेर काढता येत नाही अशा ठिकाणी घर करू नये. नियमांनाही मर्यादा असते, हे भारतातल्या नेट४ इंडिया या रजिस्ट्रारने दाखवले. २०१९ पासून ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत होती. नावांचे नूतनीकरण होईना, ती दुसरीकडे हलवताही येईनात, अशा तक्रारींचा ढीग आयकॅनकडे जमला. अखेर २०२१ मध्ये ७० हजारांच्या आसपास नावे पब्लिक डोमेन रजिस्ट्रीकडे, म्हणजे मूळच्या डायरेक्टीच्याच घरातल्या कंपनीकडे गेली. नावे वाचवणारा नियम होता म्हणून नावे वाचली. सर्व्हरवरच्या साइट आणि ईमेल आयकॅनच्या अखत्यारीत येतच नाहीत. त्यांची प्रत ज्याने ठेवली असेल, त्याच्याच वाचल्या.

तेव्हा शाळा, वाचनालये, नियतकालिके आणि छोटे व्यावसायिक यांना माझी विनंती आहे. दर आणि सवलती पाहण्याआधी आपले डोमेन कोणाच्या नावावर आणि कोणाच्या ईमेलवर नोंदले आहे ते तपासा. अनेक ठिकाणी ते साइट बनवून देणाऱ्याच्या नावावर असते आणि तो कधीच काम सोडून गेलेला असतो. नोंद संस्थेच्या नावावर करून घ्या, साइटची पूर्ण प्रत दुसऱ्या कंपनीच्या जागेत ठेवा, आणि ती प्रत तिथे खरोखर उघडते का, हे एकदा स्वतः पाहा.