खोली सरकारची, वस्ती आपली

बीडीडी चाळी सरकारनं बांधल्या, हे अर्धंच खरं. १९२० साली गव्हर्नर लॉईडच्या अमदानीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. गिरण्यांना हात पाहिजे होते, हातांना रात्री टेकायला जागा पाहिजे होती. ५०,००० खोल्यांचा बेत. खर्चासाठी कापसाच्या गाठीमागं १ रुपया कर. बेत फसला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी उठल्या. मजल्यावर २० खोल्या, मधून बोळ, संडास सामायिक. खोली १६० चौरस फुटांची.

पुढचं आपल्या बापजाद्यांनी केलं. गावानं वेशीबाहेर ठेवलेला माणूस इथं आला. जात मागोमाग आलीच. आपली माणसं ठरावीक चाळींत एकवटली. पण त्याच बोळांतून जयंती निघाली, चळवळ निघाली. जानेवारी १९७४ मध्ये वरळी पेटली. १० तारखेला परळच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला. ही वस्ती रक्तानं राखलेली आहे.

आता चाळी पडतायत. १६० च्या जागी ५०० फूट, मालकीचं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. मित्रांनो, घर घ्यायचंच. तो उपकार नाही, हक्क आहे. पण शेजारीच विक्रीचे मनोरे उठणार. लिफ्टचं, देखभालीचं बिल आज ना उद्या दारात येणार. ते न पेलून आपला माणूस घर विकून गेला, तर वस्ती कागदावर राहील. आणि बोळ गेल्यावर सभा कुठं भरणार? चावी घेताना हे दोन प्रश्न विचारा. जयभीम.