बेतवेकाठचा जाळ

झाशी कशी पडली, याचं बुंदेलखंडातलं उत्तर एका नावात मावतं: दुल्हाजू. त्यानं ओरछा दरवाजा आतून उघडला आणि गोरे शिरले. वृंदावनलाल वर्मांच्या १९४६ सालच्या कादंबरीनं हे नाव घरोघर पोचवलं. राणी लक्ष्मीबाईचे पती, झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांची तिथं स्वतःची नाटकशाळा होती. राजाला नाटकाचं वेड होतं, तो स्वतः भूमिकाही करायचा. अशा शहरानं आपल्या अंतासाठी ‘ऑथेल्लो’तल्यासारखा एक घातकी इयागो शोधावा, यात नवल नाही. (आपल्याकडे देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला तो पुढे, १८९० मध्ये.) पण इंग्रज फौजेचा सेनापती सर ह्यू रोज याच्या अहवालात फितुरीनं उघडलेला दरवाजा नाही. तटाचं खिंडार आहे, शिड्या आहेत, आणि तारीखवार हिशेब आहे.

१९ मार्च १८५८. रोजची छावणी झाशीपासून सुमारे १४ मैलांवर आहे. गव्हर्नर जनरल कॅनिंग आणि सरसेनापती कॅम्पबेल यांचा हुकूम येतो: तात्या टोप्यांनी चरखारीच्या राजाला वेढलं आहे, आधी त्याला सोडवा. चरखारी ८० मैल लांब. गव्हर्नर जनरलचा मध्य भारतातला एजंट सर रॉबर्ट हॅमिल्टन जबाबदारी अंगावर घेतो आणि कळवतो, आधी झाशी. चरखारी पडते. तात्यांच्या हाती २४ तोफा आणि ३ लाख रुपये लागतात. तोवर इंग्रज फौज झाशीच्या दिशेनं निघालेली आहे.

२१ मार्च, सकाळ. रोज शहरासमोर येतो. भोवतालचा मुलूख राणीनं आधीच उजाड करवला आहे. सावलीला झाड नाही, घोड्यापुढे टाकायला गवताची काडी नाही. हिशेब बरोबर होता. बुंदेलखंडातलं चैत्राचं ऊन, हजारो जनावरं, चारा नाही. असा वेढा फार दिवस टिकत नाही.

पण गवत येतं. सरपणही येतं. काही ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून, काही ओरछ्याच्या राज्यातून.

इथं जरा थांबायला हवं. झाशीचा किल्ला मुळात ओरछ्याच्या वीरसिंह देवानं बांधलेला, सतराव्या शतकाच्या आरंभी. पुढच्या शतकात तो मराठ्यांकडे गेला, आणि ओरछ्याला ते कधी पचलं नाही. १८५७ च्या जूनमध्ये झाशीची इंग्रज वस्ती जोखनबागेत कापली गेली. जुलैत सागरच्या कमिशनर अर्स्किननं राणीला लिहिलं की आमचे अधिकारी येईपर्यंत कारभार तुम्हीच पाहा. इंग्रज नसल्याची संधी साधून ओरछ्याचा दिवाण नथे खान झाशीवर चालून आला. राणीनं त्याला मागे रेटलं. गादीवर हक्क सांगणारा घरचा माणूसही उठला होता: पारोळ्याचा सदाशिवराव. त्यानं करेऱ्याला स्वतःला राजा म्हणवून घेतलं. त्यालाही राणीनं हुसकलं. दोन्ही वेळा झाशी जिंकली. आता ओरछ्याला पुन्हा फौज धाडायची गरज नव्हती. गवताचे भारे धाडले की पुरे होतं.

२५ मार्च. इंग्रजांचे मोर्चे आग ओकू लागतात. शहराचा तट साडेचार मैलांच्या घेराचा. तटावर बायका दारूगोळा वाहताना इंग्रजांना दिसतात, ह्यू रोज ते नोंदवतो. आत अडकलेल्यांत वरसईचे विष्णुभट गोडसे आहेत. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून हे कोकणातले भटजी घरातून निघाले होते. गोळे कसे पडतात हे ते झाशीत शिकतात.

३० मार्च. तटाला खिंडार पडलेलं आहे. आतले लोक ते लाकडी कुंपणानं बुजवतात. इंग्रज तापवून लाल केलेले गोळे टाकतात, कुंपण जळतं.

३१ मार्च, संध्याकाळ. रोजनं एका टेकडीवर निशाणांचा पहारा बसवला आहे. इशारा येतो: उत्तरेकडून मोठी फौज येते आहे. राणीच्या मदतीला निघालेले तात्या टोपे, २० हजारांहून जास्त माणसं.

सूर्यास्तानंतर. तात्यांची फौज बेतवा उतरते आणि प्रचंड जाळ पेटवते. आम्ही आलो, असा तो निरोप. झाशीच्या बुरुजांवरून तोफांची सलामी होते, आरोळ्या उठतात.

त्याच रात्री रोज ठरवतो की वेढा उठवायचा नाही. मोर्चे चालूच राहतील. तात्यांवर जायला तो फक्त १,५०० माणसं बाजूला काढतो, त्यांत गोरे ५००. बुरुजावरून जाळ स्पष्ट दिसतो. हा आकडा दिसत नाही.

१ एप्रिल, पहाटे चार-पाचचा सुमार. तात्या पुढे सरकतात. रोज समोरून तोफा डागतो आणि दोन्ही बगलांवर घोडदळ घालतो. पहिली फळी मोडते आणि पळत सुटते. दुसरी फळी खुद्द तात्यांची, पण ती इतकी मागे आहे की पहिलीला आधार देऊ शकत नाही. तात्या रान पेटवून देतात, धुराच्या आडून माघार घेतात. पाठलाग बेतवेपलीकडेपर्यंत जातो. तोफा जातात. रोजच्या अंदाजानं मेलेले १,५००.

तेच तास, शहराच्या तटावर. शिबंदी बुरुजांवर उभी आहे. आरडाओरडा आहे, तोफा-बंदुका अखंड चालू आहेत. खाली वेढ्याचे मोर्चे ऐन वेळी विरळ झालेले आहेत. रोजच्या पाठीवर पडायला कुणीही बाहेर येत नाही.

झाशीला जितके दरवाजे तितक्या वाटा होत्या. त्या सकाळी त्यांतला एकही उघडला नाही. लोकांनी उघडलेल्या दरवाज्याची गोष्ट शंभर वर्षं सांगितली. मला वाटतं, घात शोधायचाच असेल तर तो या बंद दरवाज्यांशी शोधावा. तिथं मात्र नाव घ्यायला कुणी खलनायक सापडत नाही.

२ एप्रिल. खिंडार जेमतेम चढण्याजोगं झालं आहे. दुसऱ्या दिवशी हल्ला, असा हुकूम निघतो.

३ एप्रिल, पहाटे तीन. पौर्णिमा होऊन तीन-चार दिवस झालेत, चांदणं लख्ख आहे. पश्चिमेकडे मेजर गॉल हूल देतो, तोच हल्ल्याचा इशारा. डावीकडे ८६ वी पलटण खिंडारातून शिरते. उजवीकडे शिड्या लागतात. काही आखूड पडतात, काही वजनानं मोडतात. वर पोचलेले इंजिनिअर डिक आणि मायकलजॉन तटावरच मारले जातात. मग खिंडारातून आत आलेले या बाजूला वळतात, आणि शिड्यांवरचे आत उतरतात.

दिवसभर. गल्लीगल्लीतून राजवाड्यापर्यंत. वाड्याच्या पागेत राणीचे चाळीस-पन्नास स्वार उरतात. ते शरण येत नाहीत. पागेला आग लागते, लढाई चालूच राहते. ८६ व्या पलटणीच्या हाती वाड्यात एक रेशमी निशाण लागतं: युनियन जॅक. इमानाचं बक्षीस म्हणून लॉर्ड विल्यम बेंटिंकनं ते नेवाळकर घराण्याला दिलं होतं, स्वारीपुढे मिरवायच्या परवानगीसह. वाड्यानं ते जपून ठेवलं होतं. ऑथेल्लोतला रुमाल यापुढे साधा वाटतो. गोरे शिपाई तेच निशाण वाड्यावर चढवतात.

पुढचे दिवस कत्तलीचे आणि लुटीचे. गोडसे लपून राहतात आणि वाचतात. पुढे ‘माझा प्रवास’ लिहिताना ते मेलेल्यांबरोबर झाशीच्या ग्रंथसंग्रहाच्या नाशाचीही हळहळ करतात. पुस्तक छापलं गेलं १९०७ मध्ये, ते गेल्यानंतर.

४ एप्रिल, रात्र. राणी मोजक्या स्वारांसह किल्ला सोडते. बरोबर दामोदरराव, वय साधारण नऊ. २० नोव्हेंबर १८५३ रोजी, मरणाच्या आदल्या दिवशी, गंगाधररावांनी मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन यांच्या देखत या पोराला दत्तक घेतलं होतं. साक्षीला इंग्रज अधिकारी असले म्हणजे वारसा पक्का, असा त्यांचा भरवसा. पुढच्या फेब्रुवारीत तेव्हाचा गव्हर्नर जनरल डलहौसीनं दत्तक नामंजूर केलं.

५ एप्रिल, सकाळ. किल्ला रिकामा आहे. इंग्रज तो प्रतिकाराशिवाय घेतात. आज त्या किल्ल्यात तिघांची एकत्र मजार आहे: गोलंदाज गुलाम गौस खान, गोलंदाज खुदाबक्ष आणि मोतीबाई. मोतीबाई गंगाधररावांच्या नाटकशाळेतली नटी, असं परंपरा सांगते.

त्याच दिवशी, भांडेर, झाशीपासून २१ मैल. लेफ्टनंट डाउकर घोडदळ घेऊन माग काढत येतो. राणी पुढे निसटली आहे. तो एका तंबूत डोकावतो. आत न्याहारी मांडलेली आहे, अर्धी खाल्लेली.