मगरीची तीन घरे

कारेलीबागेत राहणाऱ्याला विश्वामित्रीची ओळख करून द्यावी लागत नाही. पावसाळ्यात नदीचे पाणी किती चढले याची विचारपूस इथे घरातल्या आजारी माणसाची करावी तशी होते. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यात मोठा पूर आला आणि नदीतल्या मगरी वस्त्यांत शिरल्या. तीन-चार दिवसांत वीसहून अधिक मगरी पकडून सुरक्षित ठिकाणी न्याव्या लागल्या. पूर ओसरल्यावरही आमच्या बैठकीत कितीतरी दिवस तोच विषय होता. कोणी म्हणाले, या प्राण्यांना शहराबाहेर नेऊन सोडावे. कोणी म्हणाले, नदी त्यांची आहे, आपणच तिच्या पात्रात जाऊन बसलो आहोत. दोन्ही बाजूंचे बोलणे ऐकताना आमच्या मनात एक जुना प्रश्न जागा झाला. ज्या प्राण्याच्या शेजारी आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, त्याच्याविषयी आपल्याला नेमके काय ठाऊक आहे आणि ते आपण कोणाकडून शिकलो?

बडोद्यापुरते या प्रश्नाचे पहिले उत्तर कमाटीबागेत सापडते. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून १८७५ मध्ये दत्तक आलेल्या सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, १८७९ मध्ये, ही बाग आकाराला आली. १८८७ मध्ये संग्रहालयाची स्थापना झाली आणि मॅंट व चिझम या स्थापत्यविशारदांच्या नावाशी जोडलेली त्याची इमारत १८९४ मध्ये पुरी झाली. मूर्ती, नाणी, शस्त्रे, इजिप्तची ममी यांच्या जोडीला पेंढा भरलेले पशुपक्षी, खनिजे आणि देवमाशाचा अवाढव्य सांगाडा हा या संग्रहालयाचा लौकिक. बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला लहानपणीचे संग्रहालय आठवायला सांगितले, तर तो ममी आणि देवमासा यांपासूनच सुरुवात करील.

महाराजांच्या मनात हे संग्रहालय केवळ शोभेचे नव्हते. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू करण्यात आला. १८९० मध्ये कलाभवन निघाले. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची उभारणी झाली आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. या सर्व उद्योगांत एकच सूत्र दिसते: ज्ञान दरबारात अडकून पडू नये, ते रयतेपर्यंत पोहोचावे.

तथापि काचेच्या कपाटाला एक मर्यादा असते. कपाटातल्या प्राण्याला शास्त्रीय नाव मिळते, वर्ग मिळतो, क्रमांक मिळतो. परंतु तो ज्या पाण्यात राहिला आणि ज्या माणसांना भिववून वा सांभाळून राहिला, त्यांचा उल्लेख चिठ्ठीवर नसतो. पुस्तकांच्या पेट्या गावात गेल्या खऱ्या. पण गावाला स्वतःला जे ठाऊक होते ते पेटीत भरून संग्रहालयात परत आले नाही. ते आणण्याचे काम पुढे एका चित्रकाराने केले.

१९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि १९५० मध्ये त्याची ललितकला विद्याशाखा सुरू झाली. नारायण श्रीधर बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन अशा शिक्षकांमुळे तिला लवकरच देशभर नाव मिळाले. १९५२ मध्ये विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभागही निघाला. याच दशकात सुरत भागातील वालोडचा एक तरुण इथे चित्रकला शिकत होता. त्याचे नाव हकू शाह (१९३४-२०१९). त्याचे गाव आदिवासी वस्तीच्या मुलखातले; त्यामुळे कुंभाराची चाके, भिंतींवरची चित्रे आणि मातीचे घोडे त्याच्या परिचयाचे होते. शिक्षण संपल्यावर हकूभाई चित्रे काढीत राहिलेच, परंतु कलावंताचा डोळा घेऊन गावोगाव फिरण्याचे व्रतही त्यांनी आयुष्यभर पाळले. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठातील आदिवासी संग्रहालय त्यांच्या परिश्रमांतून उभे राहिले. १९६८ मध्ये स्टेला क्रामरिश यांनी फिलाडेल्फियात भरविलेल्या ‘अननोन इंडिया’ या प्रदर्शनामागेही त्यांचे हात होते.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोलाचे काम १९७१ चे आहे. एबरहार्ड फिशर या अभ्यासकासह त्यांनी दक्षिण गुजरातेतील चौधरी, गामीत आणि वसावा समाजांच्या लाकडी मगरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मगरीला तिथे मोगरा देव म्हणतात. लाकडातून कोरलेली मगर खांबावर आडवी बसविलेली असते. काही मगरींना दोन्ही टोकांना तोंडे असतात. तिच्यापुढे नवस बोलले जातात, गुराढोरांची आणि पिकापाण्याची काळजी तिच्यावर सोपविली जाते. हे लोक आपल्याला परके नाहीत. गुजरातेत ज्यांना गामीत म्हणतात, त्यांचे भाऊबंद नंदुरबारकडे गावित म्हणून ओळखले जातात. आपल्याकडच्या डोंगरांत वाघदेव पुजला जातो, त्याच मनोभूमीतला हा पाण्याचा देव.

हकूभाईंच्या दृष्टीचे वेगळेपण इथे ध्यानात घ्यावे. निसर्गशास्त्राच्या संग्राहकाने मगर आणली असती, वंशशास्त्राच्या संग्राहकाने देव उचलून आणला असता. हकूभाईंनी देवाबरोबर तो घडविणारा सुतार, त्याला बसविणारा भगत आणि नवस बोलणारे कुटुंब यांचीही नोंद महत्त्वाची मानली. कारागिराला ते माहिती पुरविणारा माणूस समजत नसत. समानधर्मी कलावंत समजत. उदयपूरच्या शिल्पग्रामाची कल्पनाही याच दृष्टीतून आली: वस्तू दाखवायची असेल तर ती करणाऱ्या हातांसकट आणि घरासकट दाखवावी.

बडोद्यातही हा विचार दुसऱ्या वाटेने रुजला. १९६१ पासून ललितकला शाखेचा मेळा भरू लागला. विद्यार्थी-शिक्षकांनी केलेल्या वस्तू गावकऱ्यांसाठी मांडल्या जात. सुब्रमण्यन यांनी त्यासाठी लाकूड, चामडे, मणी यांची खेळणी केली. त्यांत प्राण्यांची गर्दी असे. ईश्वराने प्रथम सर्व प्राणी एकसारखेच केले होते, या कल्पनेवरचे त्यांचे मुलांसाठीचे चित्रपुस्तकही प्रसिद्ध आहे. वर्गीकरणाच्या शास्त्राकडे मिस्कीलपणे पाहणारी ही कलावंताची प्राणिकथाच म्हणावी लागेल.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो योग्य आहे. देव मानल्याने प्राणी वाचतोच असे नाही. भाविकाच्याही घरात पुराचे पाणी शिरते आणि मगरीचा जबडा नवस ओळखत नाही. शास्त्राची नोंद हवीच. मगर अंडी कुठे घालते, कोणत्या काठावर ऊन खाते, हे समजल्याशिवाय नदीकाठची आखणी शहाणपणाने होणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की ही माहिती माणसाच्या मनात मुरण्यासाठी कथा, आकार आणि हातांचे काम लागते. मोगरा देवाच्या मुलखात मगरीची भीती नाहीशी झालेली नाही; त्या भीतीला राहायला एक जागा मिळाली आहे. आमच्या बैठकीत भीती होती, पण तिला अशी जागा नव्हती; म्हणून ती ‘हाकलून द्या’ या एकाच शब्दापाशी येऊन थांबत होती.

मगरीची ही तीन घरे आहेत: नदी, कपाट आणि खांब. विश्वामित्रीच्या काठच्या मुलांना कमाटीबागेतील संग्रह दाखवावा, नदीची माहिती द्यावी आणि मग माती, लाकूड, कागद हाती देऊन त्यांची मगर घडवू द्यावी. सोबत आजीआजोबांनी सांगितलेल्या पुराच्या आठवणी त्यांनी स्वतः लिहून काढाव्यात. असा उपक्रम करण्यासाठी मोठा निधी लागणार नाही. महाराजांनी पेट्या गावात पाठविल्या, हकूभाईंनी गाव संग्रहालयात आणले. पुढच्या पावसाळ्याआधी या दोन्ही वाटा एका वर्गखोलीत मिळाव्यात, अशी आमची इच्छा आहे.